थोरल्या आयचा सवाल

आमच्या गावच्या ख्रिस्ती दफनभूमीला कमरेइतकी दगडी भिंत होती आणि भिंतीच्या बाहेर, बाभळीखाली, दोन कबरी होत्या. आत मंडळीचे वडील, मास्तर, बायबलबाया आणि त्यांची लेकरं. बाहेर आमची माणसं. लहानपणी मला वाटायचं, आतली जागा संपली असेल. मग एकदा फाटकातून डोकावले, तर आत शेरडं चरत होती, इतकी जागा मोकळी. धावत घरी आले आणि आजीला विचारलं. आजी चुलीपुढं होती. तव्यावरच्या भाकरीवरून तिनं पाण्याचा हात फिरवला आणि माझ्याकडं न बघताच म्हणाली, "त्या भाईर न्हाईत, बये. भिंत आत हाय."

त्या वेळी मला ते कोडं वाटलं. पुढं ती गोष्ट मी तिच्याकडून तुकड्यातुकड्यानं ऐकली. शेंगा फोडताना थोडी, दळण निवडताना थोडी. तिच्या शेवटच्या आजारात तिनं ती पुन्हा सगळी सांगितली, तेव्हा काही तुकडे बदललेले होते. मी जिथं जुळले तिथं जुळवलेत. गावाचं नाव लिहीत नाही. नगर जिल्ह्यातलं आहे एवढं पुरे. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण आजीच्या गोष्टीत ते नगरच राहणार.) ज्यांच्या पणज्या-खापरपणज्यांविषयी लिहायचंय, ती माणसं अजून मला नाताळला करंज्या पाठवतात.

गोष्ट आजीच्या आजी-आजोबांची. घरात त्यांना थोरली आय आणि थोरला बा म्हणत.

१८७६ ते ७८ चा दुष्काळ पडला, तेव्हा ती दोघं विशी-पंचविशीतली होती. आजी त्याला 'मोठा दुकाळ' म्हणे. महारवाड्याचं पोट बलुत्यावर. गावातच पिकलं नाही, तर बलुतं कुठून येणार? माणसं तरोट्याचा पाला शिजवून खात, निवडुंगाची बोंडं काटे जाळून खात. थोरल्या आयची आई विधवा होती, ती लेकीकडंच राहायला आलेली. रोज दुपारी ती वाड्याकडं जायची, परत यायची ती दात मिशेरीनं काळे करून. बाया मिशेरी लावतात ती जेवण झाल्यावर. तिची काळी दातवणं बघून घरच्यांना वाटायचं, म्हातारी वाड्यावर शिळंपाकं खाऊन आली. तिच्या वाटणीची चतकोर मग लेकरांत जायची. महिना-दीड महिन्यानं ती जात्याजवळ बसल्या जागी कलंडली. मग वाड्यावर विचारलं, तेव्हा कळलं, तिथं तिला कुणी काही दिलेलंच नव्हतं. देण्यासारखं त्यांच्याकडंही नव्हतं.

थोरला बा खडी फोडायच्या कामावर गेला. तिथं मिशनचा एक मास्तर संध्याकाळी मजुरांना गोळा करून अक्षरं शिकवी आणि येशूच्या गोष्टी सांगे. अमेरिकन मराठी मिशन नगरला येऊन तेव्हा पंचेचाळीसच्या वर वर्षं झाली होती. १८३१ सालापासून त्यांचं ठाणं तिथं होतं, शाळा होत्या, १८४२ पासून 'ज्ञानोदय' निघत होता. पण खेड्यापाड्यांतल्या महार-मांग वस्त्या मोठ्या संख्येनं त्यांच्याकडं वळल्या त्या या दुष्काळाच्या सुमारास. थोरल्या बानं दुष्काळ सरता सरता बाप्तिस्मा घेतला. गाव म्हणालं, पोटासाठी बाटला. हे वाक्य मी पुढं पुस्तकांतून, भाषणांतून, कॉलेजच्या कँटीनमध्येसुद्धा ऐकलंय. त्यावर आजीचं म्हणणं असं, "पोटासाठी बाटला आसंल, तर बाटला. पोट काय त्यानं सोता घेतलं व्हतं का? द्येवानंच लावलंय न्हवं?"

आजी कितीही कैवार घेवो, थोरला बा नवेपणी असह्य माणूस असणार. बाटग्याची बांग मोठी, ही म्हण आपल्या भाषेत उगाच आलेली नाही. तिशीच्या आतबाहेर तो वाचायला शिकला, एकेका अक्षरावर बोट ठेवत नवा करार वाचू लागला, आणि महिन्याभरात पाटलापासून पोतराजापर्यंत सगळ्यांना नरकात पाठवू लागला. नगरच्या मिशननं तोवर कीर्तनाची चाल उचलली होती. कृष्णराव सांगळे यांच्यासारखे ख्रिस्ती कीर्तनकार टाळ-मृदंगावर येशूचं आख्यान लावत. थोरल्या बाचा गळा बरा होता. तो आठवड्याच्या बाजारात झांजा घेऊन उभा राही. देव्हाऱ्यातले सगळे टाक त्यानं महारवाड्याच्या विहिरीत टाकले. खंडोबा गेला, मरीआई गेली, पितरांचे टाकही गेले. बहिणीच्या लग्नात देवक बसवलं म्हणून तो मांडवातून उठून आला. हळदीचं बोट लावलेलं त्याला चालेना. वर्षभर बहीण-भावाचं बोलणं बंद होतं.

हा सोवळेपणाच होता, फक्त दुसऱ्या बाजूचा. 'स्मृतिचित्रे'मध्ये लक्ष्मीबाई टिळकांनी आपल्या वडिलांच्या सोवळ्याचं जे वर्णन केलंय, ते वाचताना मला थोरला बा आठवतो. त्या गृहस्थांच्या सासऱ्यांना सत्तावन्नच्या धामधुमीत फाशी झाली. त्याचा धसका घेऊन ते असे काही सोवळं पाळू लागले की, बाजारातून आणलेलं मीठदेखील धुऊन घेत. ज्याचं जग एकदा डोळ्यांदेखत मोडतं, तो पुढं रेघा आखत बसतो. थोरल्या बाचं जग दुष्काळानं मोडलं होतं. हे मला आज सुचतं. थोरल्या आयला तेव्हा त्याच्याबरोबर एका घरात राहायचं होतं.

ती त्याच्याबरोबर उपासनेला जाऊ लागली. येशूच्या गोष्टी तिला आवडल्या. पाच भाकरींची गोष्ट ती पुनःपुन्हा सांगायला लावी. बाप्तिस्म्याचा दिवसही ठरला होता म्हणे. मध्ये पितरपाठ आला. आईच्या तिथीला तिनं कुणाला न सांगता भाकरीचा एक तुकडा आढ्यावर ठेवला. कावळा यायच्या आत थोरला बा आला. त्यानं तो तुकडा काठीनं खाली पाडला आणि पायानं उकिरड्याकडं सारला.

इथं आजी दरवेळी थांबायची. शेंगा फोडत असेल, तर हातातली शेंग तशीच धरून ठेवायची.

"मपली आय उपाशी मेली," थोरली आय म्हणाली, "तिला एक घास ठिवला, तं तुमच्या द्येवाचं काय घटलं?"

तो म्हणाला, मेलेली माणसं खात नाहीत.

"मंग ती कुठं हाय?"

तो उत्तर द्यायला क्षणभरही अडखळला नाही. त्याला शिकवलं होतं तेच त्यानं सांगितलं. जिनं नाव ऐकलं नाही, बाप्तिस्मा घेतला नाही, मूर्तीपुढं डोकं टेकलं, ती कुठं असणार? नरकात.

थोरली आय त्यावर काही बोलली नाही. ठरलेल्या रविवारी ती देवळात गेली. (आमच्याकडं चर्चला देऊळच म्हणतात.) पाळकांनी नाव पुकारलं, तेव्हा मात्र ती जागची उठली नाही. पुढची चाळीस वर्षं ती दर रविवारी गेली, दाराजवळच्या शेवटच्या पट्टीवर बसली, दर शनिवारी तिनं देऊळ शेणानं सारवलं आणि बाप्तिस्मा घेतला नाही. जो कुणी उपदेशक गावात येई, त्याला ती एकच सवाल विचारी. मपली आय कुठं हाय?

उपदेशक बरेच आले. एकानं म्हणे तिला अर्धा तास शास्त्र सांगितलं. एकानं वेड्यात काढलं. एका थंडीत साहेबाचा तंबू गावाबाहेरच्या चिंचेखाली पडला. थोरली आय तंबूत गेली आणि तिनं सवाल विचारला. बरोबरचा उपदेशक पाठ केलेलं बोलू लागला. साहेबानं हात करून त्याला थांबवलं, टोपी काढली, बराच वेळ गप्प बसला आणि मग मराठीत विचारलं, "तुझ्या आईचं नाव काय?" तिनं सांगितलं. त्यानं ते आपल्या वहीत लिहून घेतलं. संपलं. आजीच्या मते तो ह्यूमसाहेब. आता आजीच्या गोष्टीतले सगळेच चांगले साहेब ह्यूम असत आणि सगळे वाईट साहेब कलेक्टर, तेव्हा ही साक्ष मी कोर्टात देणार नाही.

पण पुढं नोकरीनिमित्त पुण्यात असताना जुन्या मिशनचा इतिहास वाचायचा नाद लागला आणि ह्यूमसाहेबांच्या नावापाशी मी एकदम थबकले.

रॉबर्ट ॲलन ह्यूम. जन्म १८४७, मुंबईचा. बाप मिशनरी. अमेरिकेत येल विद्यापीठात शिकून १८७४ मध्ये नगरला आले, आणि मधल्या रजा सोडल्या, तर उभा जन्म नगरला काढला. दुष्काळातल्या कामाबद्दल सरकारनं त्यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिलं. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांना त्यांनी आसरा दिला, सांभाळून घेतलं. नगरला त्यांच्या नावाचं चर्च आहे. एवढं आमच्याकडच्या शाळकरी पोरालाही ठाऊक असे. ठाऊक नव्हतं ते पुढचंच. १८८६ च्या उन्हाळ्यात ह्यूम रजेवर अमेरिकेत होते. अँडोव्हरच्या धर्मशास्त्र विद्यालयात जुन्या विद्यार्थ्यांची जेवणावळ होती, तिथं ते बोलले. अँडोव्हरमध्ये तेव्हा एक नवा विचार जोर धरत होता. ज्यांच्या कानांवर या जन्मात ख्रिस्ताचं नावच पडलं नाही, त्यांना मरणानंतर तरी देव एक संधी देत असेल, असं मानायला जागा आहे, असा तो विचार. ह्यूमनी त्याला आपला कौल दिला. हिंदुस्थानातल्या माणसांना, तुमचे सगळे वाडवडील कायमचे नरकात गेले, असं सांगत फिरणं त्यांना जड जात होतं.

बोस्टनच्या ज्या बोर्डानं त्यांना धाडलं होतं, तिथं आग लागली. एडमंड आल्डन म्हणून बोर्डाचे चिटणीस होते, मोठे कडवे. मेल्यावरही संधी मिळणार असेल, तर आम्ही समुद्रापार माणसं पाठवायची कशाला? मिशनची नसच तुटेल, हा त्या पक्षाचा आक्षेप. त्यांच्या बाजूनं बघितलं, तर आक्षेप खोटा नव्हता. भाविकांच्या खिशातून पैसा निघे तो दर क्षणाला लाखो जीव नरकात कोसळताहेत या धास्तीनं. धास्ती गेली की थैलीचं तोंड आवळणार. ऑक्टोबर १८८६ मध्ये डे मॉईन शहरात बोर्डाची सभा भरली आणि याच मुद्द्यावर वादाची रणधुमाळी माजली. नगरात बारा वर्षं घालवलेल्या, मराठी घडाघडा बोलणाऱ्या माणसाला परत पाठवायचं की नाही, यावर वर्षभर खल चालला. १८८७ मध्ये कशीबशी परवानगी मिळाली आणि ह्यूम नगरला परतले.

मी ग्रंथालयातल्या त्या लांबलचक टेबलाशी बसून हिशेब करत राहिले. ज्या सवालावर अमेरिकेतले डॉक्टर ऑफ डिव्हिनिटी एकमेकांच्या अंगावर धावून गेले, तो सवाल आमच्या थोरल्या आयनं त्याच्या आधी कैक वर्षं उकिरड्याशेजारी उभं राहून विचारला होता. तिला कुणी सभेला बोलावलं नव्हतं.

आणखीही एक सापडलं. आठव्या शतकाच्या आरंभी, आज जिथं नेदरलंड्स आहे त्या भागात, राडबोड नावाचा फ्रीसियन राजा होता. त्याची दंतकथा अशी. बाप्तिस्म्याच्या कुंडात त्यानं एक पाय ठेवला आणि बिशपला विचारलं, माझे पूर्वज कुठं आहेत? बिशप म्हणाला, नरकात. राजानं पाय मागं घेतला. मूठभर भिकाऱ्यांबरोबर स्वर्गात राहण्यापेक्षा आपल्या माणसांत राहिलेलं बरं, म्हणाला. राजे लोकांचं बरं असतं, त्यांना पाय मागं घेऊन घोड्यावर बसता येतं. थोरल्या आयनं पाय मागंही घेतला नाही आणि पुढंही टाकला नाही. चाळीस वर्षं तो तिनं उंबऱ्यावरच ठेवला.

तेवढ्या वर्षांत मंडळी मोठी झाली. देवळावर पत्रे आले, घंटा आली, पंचकमिटी आली. आमच्या मंडळ्यांत 'वडील' हे पद असतं. त्यातले एक वडील म्हणजे आजीच्या गोष्टीचं मीठ-मिरची. ते प्रार्थनेला उभे राहिले, की पोरं बाहेर जाऊन विटीदांडूचा एक डाव खेळून परत येत, तरी आमेन झालेलं नसे. दशांश चोख देणार. दारूच्या थेंबाला शिवणार नाहीत. शब्बाथाला बैल जुंपणार नाहीत. शुभवर्तमानात परूशाची आणि जकातदाराची गोष्ट आहे ना, एक देवळात पुढं उभा राहून स्वतःची चांगली कामं मोजतो आणि दुसरा मागं छाती बडवतो, ती सांगताना आजी परूशाला बरोबर या वडिलांचा आवाज द्यायची. त्यांच्या घरी कणगीच्या मागं, चिंध्यांत गुंडाळलेला, खंडोबाचा टाक होता. चंपाषष्ठीला तो मेहुण्याच्या हाती जेजुरीला जाऊन भेटून येई. हे गावात सगळ्यांना माहीत होतं. थोरल्या आयलाही. तिनं कधी तोंडातून ब्र काढला नाही. "त्याला भ्या वाटतंय," एवढंच म्हणायची.

टाकाचं मी त्यांना माफ करते. मला माफ करता येत नाही ते प्याल्याचं. मंडळीत तीन-चार घरं मांगवाड्यातून आलेली होती. प्रभुभोजनाला प्याला एकच, तो रांगेनं फिरायचा. रांग कशी लागायची ते कुठं लिहिलेलं नव्हतं, पण प्याला मांगवाड्याच्या घरांपर्यंत पोचायचा तो अगदी शेवटी, आणि त्यानंतर कुणाकडं जायचा नाही. ज्यांना गावाच्या पाणवठ्यावर कुणी घागर बुडवू देत नव्हतं, त्यांनीच हे केलं. पुढं केव्हा तरी तांबड्या पाण्याचे छोटे छोटे वेगळे पेले आले. अमेरिकेत ही पद्धत १८९० नंतरच्या दशकात निघाली ती जंतूंच्या भीतीनं. आमच्या गावात तिचं स्वागत झालं ते भलत्याच कारणानं, पण कारण सांगताना सगळ्यांनी जंतूंचंच सांगितलं. आजीची आई त्या वेळी म्हणाली होती म्हणे, बरं झालं, आता येशूच्या रक्तातही वाटण्या झाल्या.

१९१७ मध्ये ना. वा. टिळकांनी मिशनची पगारी चाकरी सोडली, संन्यास घेतला आणि 'देवाचा दरबार' उभारला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, ख्रिस्ताला मानणारे दोघेही त्यात बरोबरीनं बसणार होते. टिळक तेव्हा 'ज्ञानोदया'चा मराठी भाग बघत होते आणि 'ज्ञानोदय' आमच्या गावी मास्तरांकडं येत होता. टिळकांची पदं तर देवळात दर रविवारी गाइली जात. पद गाणं निराळं, कमिटी निराळी.

पुढच्याच वर्षी मानमोडी आली. १९१८ ची ती साथ. आजी तेव्हा तेरा वर्षांची, म्हणजे इथून पुढचं तिनं डोळ्यांनी पाहिलेलं. घरटी दोन-दोन माणसं अंथरुणावर. पाणी द्यायला हात नाही. थोरली आय तोवर पासष्टीला टेकलेली. ती ज्वारीच्या कण्यांची पेज शिजवायची आणि गाडग्यातून दारोदार द्यायची. महारवाडा, मांगवाडा, ख्रिस्ती, बिनख्रिस्ती असा काही क्रम नव्हता. जवळचं घर आधी, लांबचं मागून. आजी गाडगं धरायला बरोबर असे. वडिलांच्या घरी चौघं आजारी होती, तिथं दिवसातून दोनदा. घरी आल्यावर आजीनं विचारलं, की तू जेवलीस का, तर म्हातारी म्हणायची, वडलाच्या घरी खाल्लं. आणि आजीच्या लक्षात आलं, तिचे दात काळे होते.

आठव्या दिवशी ती तापली, अकराव्या दिवशी गेली.

देवळाच्या ओसरीवर कमिटी बसली. पाळक दुसऱ्या गावी आजारी होते. प्रश्न जागेचा. भिंतीच्या आत जागा मिळायची ती नोंदवहीत नाव असलेल्या माणसाला, आणि नाव नोंदलं जायचं बाप्तिस्म्यानं. त्या वडिलांनी ठराव मांडला, की नियम मोडता येत नाही. "रडत व्हता," आजी सांगायची. "खोटं न्हाई, खरंच रडत व्हता. तिच्या पेजेवर उठून बसला व्हता ना." मी कॉलेजात असताना ढोंगी, ढोंगी म्हणून तावातावानं त्यांच्याविषयी बोलले, तेव्हा आजीनं मला हे रडणं पुन्हा सांगितलं. त्या माणसाला मनापासून वाटत होतं, की रेघ पुसली तर सगळंच पुसेल. डे मॉईनला आल्डनसाहेबांना वाटलं तेच. मला तो माणूस आवडत नाही. पण रडला हे नोंदवायला हवं.

सगळ्यांना खात्री होती, की थोरला बा ठरावाच्या बाजूनं बोलणार. नियमाला त्याच्याइतकं चिकटलेलं दुसरं कोण? तो उठला. म्हणाला, नोंदवही आणा. मास्तरांनी आणली.

"हिचं नाव यात न्हाई?"

"नाही."

"मपलं हाय?"

"आहे की. पहिल्याच पानावर."

"मंग खोडा."

कुणी खोडलं नाही. कुणी काही बोललंही नाही. तो घरी आला, कुदळ-फावडं घेतलं, नातवांना हाक मारली आणि भिंतीच्या बाहेर बाभळीखाली स्वतः खणायला लागला. मांगवाड्यातले दोघं न बोलावता आले आणि त्यांनी त्याच्या हातातली कुदळ घेतली. शास्त्राप्रमाणं प्रार्थना झाली ती त्यानंच केली, छोटी. माती लोटून झाली. मग त्यानं धोतराच्या सोग्यातून भाकरीचा तुकडा काढला आणि मातीवर ठेवला. कावळ्यानं तो नेईपर्यंत म्हातारा तिथंच उन्हात बसून राहिला.

पुढं चार वर्षांनी तो गेला. पहिल्या पानावरचा माणूस, त्याला आत जागा होती, मानाची होती. पण मुलांकडून त्यानं शपथ घेतली होती. म्हणून दोन कबरी. त्याचा देवावरचा विश्वास उडाला असेल, असं कुणाला वाटत असेल, तर तसं नाही. शेवटच्या दिवसापर्यंत तो सकाळी उठून करार वाचायचा, बोट ठेवून. बाजारात मात्र पुन्हा कधी कुणाला त्यानं नरकात धाडलं नाही.

आमच्या घराची पुढची हकिगत सांगण्यासारखी नाही, एक गोष्ट सोडून. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातींच्या सवलती ख्रिस्ती झालेल्यांना नाकारल्या. १९५६ नंतर आमच्या भावकीतले निम्मे लोक बाबासाहेबांच्या मागं बौद्ध झाले. त्यांना त्या सवलती १९९० मध्ये मिळाल्या. उरलेल्यांत काही असे होते, की रविवारी देवळात आणि दाखल्यावर हिंदू महार. माझा एक चुलतभाऊ त्यातला. त्याच्या लग्नात एक शहरी पाहुणे त्याला ऐकू जाईल असं 'ढोंगी' म्हणाले. मला थोरली आय आठवली. पोराच्या फीसाठी दाखल्यावरचा धर्म सांभाळणारा माणूस आणि कणगीमागं टाक ठेवून दुसऱ्याला मातीला जागा नाकारणारा माणूस यांना मी तरी एका तागडीत घालणार नाही. शिवाय ते शहरी पाहुणे मुलीसाठी स्थळ बघत होते. मुलगा ख्रिस्ती हवा आणि 'आपल्यातला' हवा, हे त्यांनी त्याच मांडवात माझ्या आईला दोनदा सांगितलं.

१९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा मी सतरा वर्षांची होते. पुन्हा खडी, पुन्हा रांगा. रेशनवर अमेरिकेचा लाल मिलो आला होता. आजी त्याच्या भाकरी थापायची आणि शिव्या द्यायची, कारण त्या थापल्याच जात नसत. दुष्काळी कामात आमच्या गावाला जोडरस्ता मंजूर झाला, तो दफनभूमीच्या कडेनं जाणार होता. म्हणून मोजणीदार आला. साखळी लावली, नकाशा उलगडला, जुने हद्दीचे दगड शोधले. दोन दगड भिंतीच्या जवळपास कुठं सापडेनात. तिसऱ्या दिवशी सापडले. बाभळीच्या पलीकडं, पंधरा-वीस पावलांवर. मिशनला जागा मिळाली तेव्हाची हद्द तिथवर होती. भिंत बांधताना दगड कमी पडले, की गवंड्यानं आळस केला, कुणास ठाऊक, भिंत आत घातली गेली होती.

मी पळत जाऊन आजीला सांगितलं. ती मिलोच्या पिठाशी झगडत होती. "मला काय सांगती," म्हणाली.

नवी भिंत हद्दीवर बांधली, रोजगाराच्या कामातच. जुनीचे दगड तिला लागले. आता ईस्टरच्या पहाटे दफनभूमीत उपासना असते, तिच्या आधी मंडळी सगळ्या कबरींना एकदम चुना मारून घेते. बाभूळ मध्यंतरी वादळात पडली. त्या दोन कबरींवर नावं कधीच नव्हती. मंडळीच्या नव्या वहीत त्या रांग सात, क्रमांक एक आणि दोन अशा लागल्या आहेत.